समास

जानेवारीतला मंगळवार. बंदर गोठलेलं.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला वारा दारावर टकटक करत नाही, सरळ आत येतो.
आम्ही सहा जण ग्रंथालयाच्या हीटरभोवती बसलो
आणि त्या कादंबरीची चिरफाड केली.
सोबत नाताळचा उरलेला केक,
रममध्ये मुरलेला, विटेसारखा जड.

कादंबरीत आई अकरा जणांची पानं मांडते.
येतात तिघं.
टर्की निवते, ग्रेव्हीवर साय धरते,
आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही, पानोपानी.

"मी एक अंडं उकडलं असतं," वर्ना म्हणाली.
मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली तिनं,
काटा कुठे लपतो ते बोटांना कळतं.
"हे प्रेम नव्हे. बिल आहे, टेबलावर मांडलेलं."

एल्ड्रेड फेरीबोटीवर कप्तान होता.
"तीनशे चाळीस पानांत
ग्रेव्ही इकडून तिकडे जाते, बस.
याहून जास्त माल मी एका फेरीत वाहिलाय."
(मुदत मात्र तीनदा वाढवून घेतली होती त्यानं.)

फिलोमीनाचा राग धाकटीवर.
ती फाटकापर्यंत येते, स्वयंपाकघरातला दिवा बघते
आणि वळते.
"घंटा वाजवायला असं किती बळ लागतं?"
कुणी बोललं नाही.
हीटरचे पाइप तेवढे ठोके देत राहिले.

शाळेच्या प्रकल्पासाठी आलेला पोरगा
केकमधले मनुके वेचत म्हणाला,
"मला वाटलं, ती वाजवेल.
दुसऱ्यांदा वाचतानाही वाटलं."

अँब्रोज हाइन्स आमच्यात येत नाही.
लोरेटाही नाही.
तो खाडीच्या उत्तरेला, बहीण दक्षिणेला.
बापाची बोट विकली त्या वर्षापासून
दोघं एकमेकांचे फक्त दिवे बघतात.
गावात या पुस्तकाची प्रत एकच.
चौदा दिवस त्याच्याकडे, चौदा तिच्याकडे,
मधे एक रात्र माझ्या टेबलावर.

पान एकसष्ट. थोरला फोन उचलत नाही.
बाजूला शिसपेन्सिल: बरोबर केलं.
खाली निळी शाई: काय बरोबर? तीनदा वाजला.
पान एकशे अठरा. वडिलांचं घड्याळ.
थोरल्यालाच मिळायला हवं होतं.
थोरला तेव्हा अल्बर्टात. औषधं कोण पाजत होतं?
पैसे कोण पाठवत होतं?
(हे तिसऱ्या फेरीतलं. पेन्सिलला नवं टोक.)

व्याकरणात समासाचा विग्रह करतात.
इथे विग्रहच समासात येऊन बसला होता,
अक्षर बारीक करून,
दुसऱ्याला जागा उरावी म्हणून.

नियम मला माहीत आहे. खणात खोडरबर आहे.
लहान मुलांच्या पुस्तकांतल्या मिशा मी रोज पुसते.
पान दोनशे तीनशी आले.
आई रिकाम्या खुर्चीसमोरचा काटाचमचा सरळ करते,
अगदी केसभर.
तिथे त्यानं काही लिहिलेलं नाही.
एक रेघ फक्त, इतकी दाबून ओढलेली
की मागच्या पानावर तिचा वळ उठलाय.
आणि शाईत, रेघेखाली,
हो.

रबर परत खणात ठेवला.
खण नीट बंद होत नाही, कधीच होत नव्हता.

काल अँब्रोज आला. बुटांना बर्फ, हातात ती कादंबरी.
"कशी वाटली?" मी विचारलं, सगळ्यांना विचारते तसं.
"लांबण लावलीय," तो म्हणाला. "आई जरा जास्तच चांगली दाखवलीय."
टोपी काढली, परत घातली.
आता जागाच उरली नाही हिच्यात, म्हणाला.
दुसरं काहीतरी द्या.
कसलं हवं? खून? युद्ध? समुद्र?

"कुठलंही चालेल," तो म्हणाला,
खिडकीतून खाडीपलीकडे बघत.
"कडेला जागा रुंद हवी."